आठवणीतली गाडी पुन्हा घ्यावी का?

पत्र :

माझं वय ५८. तिशीत माझ्याकडे १९९० ची माझदा एमएक्स-५ होती, लाल, १.६ लिटरची, कापडी टपाची. मुलगी झाली आणि दोन सीटच्या गाडीत तिघं कुठे बसणार, म्हणून विकली. त्यानंतर घरात बऱ्याच गाड्या आल्या. आताची दोन टनांची ऑटोमॅटिक एसयूव्ही तिच्यापेक्षा वेगवान आहे, शांत आहे, पाठीला आराम देते. पण जीव अडकलाय तो त्या लाल गाडीतच. वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना हाताला लागणारा तो खटका, पहाटे टप उघडून एकटाच समुद्राकाठच्या रस्त्याने निघायचो ते, ओल्या पालापाचोळ्याचा वास, शेजारी मांडीवर नकाशा पसरून बसलेली बायको, सगळं जसंच्या तसं आठवतं. आता हुबेहूब तसलीच एक विकायला असल्याची जाहिरात दिसली आहे. मधल्या मालकाने चाकं सतरा इंची केली आहेत, गाडी खाली बसवली आहे, टर्बोही लावलाय, म्हणजे माझ्या गाडीपेक्षा सरसच. बायको म्हणते, ‘तुला गाडी नकोय, तुला तुझी तिशी परत हवी आहे.’ तिचं खरं आहे का? की ही जाऊ द्यावी आणि माझी मूळ गाडीच शोधून काढावी?

उत्तर :

नमस्कार.

तुमच्या पत्नींचं म्हणणं अर्धं खरं आहे. कोणतं अर्धं, हे नीट पाहिलं तर तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच मिळतील. आधी एवढं सांगून टाकतो : गाडी घ्या. जाहिरातीतली मात्र घेऊ नका.

तुम्ही चार आठवणी लिहिल्या आहेत. त्या पुन्हा एकेक करून आठवा आणि प्रत्येकीत तुमचे हातपाय काय करत होते ते बघा. दुसऱ्या गिअरचा खटका हा तळहाताचा अनुभव आहे. पहाटेची भटकंती, तीही एकट्याने, म्हणजे तिथे सोबतीला फक्त गाडीच होती. ओल्या पाल्याचा वास उघड्या टपामुळे आला. बंद काचांच्या गाडीत तो आत शिरलाच नसता. या तिन्ही आठवणी यंत्राच्या आहेत. चौथी, मांडीवरच्या नकाशाची, ही माणसाची आहे. ती कोणत्याही गाडीत घडली असती. पहिल्या तिन्ही आजही मिळू शकतात, कारण ज्यामुळे त्या घडल्या ते लोखंड आणि रबर अजून शिल्लक आहे.

लोक जुन्या गाडीच्या आठवणीला सरसकट हळवेपणा म्हणून बाजूला सारतात. मला ते मुळीच पटत नाही. तुमच्या गाडीची मजा योगायोगाने आलेली नव्हती, ती ठरवून घडवलेली होती. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटोंपुढे एक कल्पना मांडली : साठच्या दशकातल्या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्सकार्ससारखी हलकी, साधी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी पुन्हा का बनू नये? पुढे तोशिहिको हिराईंच्या नेतृत्वाखाली ती गाडी तयार झाली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात जगासमोर आली. स्वार आणि घोडा एकजीव व्हावेत, हे त्या अभियंत्यांनी समोर ठेवलेलं ध्येय होतं. कागदावरच्या आकड्यांत ती त्या काळीही कुणाला हरवत नव्हती. ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती, शून्यातून शंभरला जायला नऊएक सेकंद. आज कुटुंबाच्या साध्या गाड्याही याहून चपळ असतात. मग तुम्हाला काय आवडलं होतं?

पहिली गोष्ट वजन. तुमची गाडी साधारण साडेनऊशे किलोची होती. आताची तिच्या दुपटीहून जड आहे. गाडी वळवताना, थांबवताना, पुन्हा सोडताना हे सगळं वजन टायरांना ओढावं लागतं. जड गाडीला रुंद टायर, मोठे ब्रेक, कडक स्प्रिंगा लागतात, आणि त्यांचं वजन पुन्हा वाढतं ते वेगळंच. हलक्या गाडीला यातलं काही लागत नाही. तुमचे टायर १८५ मिलिमीटर रुंद होते, चौदा इंची चाकांवर. एवढ्या टायरांची पकड बेताची असते, आणि तेच तर त्यांचं देणं आहे. पकड सुटायच्या आधी ते कुरकुरतात, सीटमधून पाठीला कळवतात, स्टिअरिंग हलकं करून हाताला सांगतात, आणि हे सगळं साध्या वेगात घडतं. आताच्या गाडीच्या टायरांची हद्द इतकी लांब आहे की कायद्याच्या वेगात तुम्ही तिच्या जवळपासही जात नाही. गाडीला सांगण्यासारखं काही घडतच नाही, म्हणून ती गप्प असते.

दुसरी गोष्ट गिअरचा दांडा. तुमच्या गाडीत तो थेट गिअरबॉक्समधून वर आलेला होता. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये केबल किंवा सळ्या असतात आणि त्यांच्या लवचिकपणात हाताला येणारी संवेदना मंदावते. तुम्हाला आठवतो तो खटका म्हणजे आतले दात प्रत्यक्ष जुळताना लागलेला. शिवाय गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागापर्यंत) ॲल्युमिनियमची एक लांब चौकट जोडलेली होती. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की मधलं काही पिळवटत नसे, पायाचा हुकूम सरळ मागच्या चाकांना पोचत असे. गाडी विकताना यातलं काही तुम्ही बहुधा बघितलंही नसेल. पण पायाला ते माहीत होतं.

तिसरी स्टिअरिंग. त्या पिढीतल्या काही गाड्यांना पॉवर स्टिअरिंगच नव्हतं, ज्यांना होतं त्यांचं तेलाच्या दाबावर चालायचं. आता जवळजवळ सगळीकडे विजेची मोटर असते. ती पेट्रोल वाचवते, पार्किंगला मदत करते, आणि रस्त्याकडून येणारी बारीक थरथर गाळून टाकते. काठीने वाट चाचपत जाताना काठीच्या टोकाचा खडा हाताला कळतो, तसं जुन्या स्टिअरिंगमधून पुढच्या टायरांखालचं कळायचं. हे कळणं तुमच्यापुरतंही खरं होतं आणि यंत्रापुरतंही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही : रुंदी. तुमची लाल गाडी पावणेदोन मीटरांपेक्षाही अरुंद होती. रस्त्याच्या आपल्या अर्ध्या भागात तिला इकडे तिकडे सरकायला जागा उरायची. वळणात बाहेरून शिरावं, आत टेकावं, पुन्हा बाहेर पडावं, अशी रेघ निवडता यायची. आताची गाडी तिची लेन काठोकाठ भरते. रेघ निवडायची सोयच उरत नाही, गाडी नुसती दोन पट्ट्यांमध्ये सांभाळायची. आणि तुम्ही जमिनीलगत बसायचात. डोळे जमिनीच्या जितके जवळ तितका तोच वेग जास्त जाणवतो, म्हणून साठच्या वेगाला तुम्हाला जे वाटायचं ते आता शंभरलाही वाटत नाही.

हे सगळं एकत्र केलं तर एकच गोष्ट दिसते. त्या गाडीत तुम्हाला काम होतं. दुसरा गिअर कधी टाकायचा, ब्रेक दाबलेला असतानाच टाचेने ॲक्सिलरेटरला किती टोचायचं, इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत ताणायचं की आधीच सोडायचं, हे प्रत्येक वळणाला तुम्ही ठरवत होता, आणि बरोबर ठरलं की गाडी लगेच तसं कळवत होती. आताची गाडी तुम्हाला पोचवते. तिच्यावर राग धरू नका, तिच्याकडून तुम्ही मागितलं होतं ते ती देते आहे.

म्हणूनच जाहिरातीतली गाडी नको. सतरा इंची चाकं म्हणजे जास्त वजन, तेही स्प्रिंगांच्या खाली, जिथे एकेक किलो जाणवतो. टायरच्या कडांची उंची कमी झाली की खड्डा थेट कण्याला लागतो आणि टायर सुटण्याआधी जी ताकीद द्यायचा ती कमी होते. गाडी खाली बसवली की सस्पेन्शनला वरखाली व्हायला जागा कमी पडते. चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे चाक वरखाली धरून ठेवणाऱ्या दोन-दोन भुजा, देऊन त्या अभियंत्यांनी जो तोल साधला होता तोच बिघडतो. टर्बोने ती वेगवान होईल हे खरं. पण दुसऱ्या गिअरमध्ये क्षणात कायद्याची हद्द ओलांडली की ताणून चालवायला उरतं काय? मधल्या मालकाने हे सगळं त्याच्या हौसेने केलं, त्याच्यासाठी ते योग्यच असेल. तुमच्या आठवणीत मात्र साधी, कारखान्यातून आली तशी गाडी आहे. तुम्हाला ‘सरस’ नको आहे, तीच हवी आहे. लाल रंग जुळला म्हणून गाडी जुळत नाही. माझं ऐकाल तर रंगाची अट काढून टाका आणि निळी, पांढरी, कुठलीही मिळो, पण न छेडलेली शोधा.

आता पत्नींच्या अर्ध्या खऱ्याकडे येतो. माणसाला उत्तरायुष्यात मागचं आठवायला सांगितलं की साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या गोष्टी इतर काळापेक्षा जास्त आठवतात. मानसशास्त्रज्ञांना हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. तुमची गाडी त्या टप्प्याच्या शेवटच्या टोकाला आली. शिवाय आठवण जपून ठेवलेल्या फोटोसारखी नसते. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं की आठवताना आपण गोष्ट पुन्हा रचतो. आणि डॅनियल कानेमान व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून हेही दिसलं की अनुभव किती वेळ चालला यापेक्षा त्याचा सर्वोच्च क्षण आणि शेवट आपल्या मनात जास्त राहतो. तुमच्या बाबतीत यातला शेवट मला महत्त्वाचा वाटतो. तुम्ही ती गाडी कंटाळून विकली नाही. ती गंजली, धूर सोडू लागली, महिनोन्‌महिने गॅरेजात पडून राहिली, असं काही तुमच्यासमोर घडलंच नाही. ऐन आवडीच्या दिवसांत, मुलीसाठी, तुम्ही ती हातावेगळी केली. त्यामुळे तुमच्या मनात ती कधी म्हातारी झाली नाही. टप वाजायचा, हायवेवर बोललेलं ऐकू यायचं नाही, सामानाला जागा नव्हती, हे सगळं होतंच. ते तुम्ही लिहिलं नाहीत, कारण ते मागे राहिलं.

म्हणून तिशी परत मिळेल या आशेने गाडी घ्याल तर ती तुम्हाला पहिल्याच आठवड्यात निराश करेल. गाडी बदललेली नसेल, तुमचे गुडघे बदललेले असतील. नव्याने शिकायचं एक यंत्र म्हणून घ्याल तर तुम्हाला तीत पूर्वीपेक्षाही जास्त सापडेल, असं मी मनापासून सांगतो. तिशीत आपण तिला दामटत होतो. आता हात शांत असतात, घाई नसते, आणि गाडी काय सांगते ते ऐकायला वेळ असतो. मी स्वतः एका हलक्या, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या छोट्या हॅचबॅकवर जीव लावलेला माणूस आहे. तिच्यासारखीच दुसरी बऱ्याच वर्षांनी चालवायला मिळाली तेव्हा आठवणीतली माणसं काही परत आली नाहीत, पण पुढच्या चाकांची थरथर आठवत होती तशीच हाताला आली. तेवढ्याने मी दिवसभर खूश होतो.

तुमची मूळ गाडी शोधण्याबद्दल थोडक्यात. ती अजून आहे का, कुणाकडे आहे, हे कळावंसं वाटत असेल तर चौकशी जरूर करा. पण तीच विकत घ्यायची असा हट्ट धरला की गंज, किंमत, खराबी कशाचाच विचार न करता तुम्ही हो म्हणाल, आणि समोरच्यालाही ते कळेल. या गाड्या दुर्मीळ नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये या मॉडेलच्या सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. जगातल्या दोन सीटच्या खुल्या स्पोर्ट्सकार्समध्ये हिच्याइतकी खपलेली दुसरी नाही. सुटे भाग अजून मिळतात. पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याची सेवा खुद्द कंपनीने २०१७ मध्ये जपानात जाहीर केली आणि कापडी टप, टायर असे काही मूळ भागही पुन्हा बनवायला घेतले. तेव्हा निवांत निवडा.

निवडताना इंजिनापेक्षा पत्रा बघा. कापडी टपावरचं पाणी सीटच्या मागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्या पाल्याने बुजल्या की पाणी दरवाजाखालच्या पोकळ पत्र्यात साठतं आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे गाडी आतून कुजते. ओल्या पाल्याच्या वासाची हीही एक बाजू. तिथे बोटाने दाबा, रंगाला फुगे आहेत का बघा, गालिचा उचलून ओल तपासा. दार उघडून खालच्या कडेवर नव्या रंगाचा थर दिसला तर विचारा. इंजिन दणकट असतं. थंड असताना वरून येणारी टकटक बहुधा हायड्रॉलिक टॅपेटची (इंजिनाच्या झडपांवरच्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या भागांची) असते आणि गरम झाल्यावर जाते. तिला घाबरू नका. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ इंजिनांत मात्र क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, टोकाशी असलेली पुली सैल होण्याचा दोष माहीत आहे. इंजिन चालू ठेवून ती पुली डुगडुगते का ते बघा. डुगडुगत असेल तर ती गाडी सोडा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद मागा. क्लच सैल लागला तर क्लचचा खालचा तेलाचा सिलिंडर गळत असेल, ते काम छोटं आहे. मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडलेली असतेच, त्यावर भाव पाडा, गाडी नाकारू नका.

एका बाबतीत आठवणीला बाजूला ठेवा. ही गाडी १९८९ ची रचना आहे. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेच्या धडक-चाचण्या १९९७ ला सुरू झाल्या, म्हणजे ही रचना त्यांच्याही आधीची. पहिल्या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत एबीएस नाही, घसरण सावरणारी यंत्रणा कुणातच नाही, आणि गाडी उलटली तर डोक्यावर कापडच आहे. चांगला रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान, बसवून घ्या. मूळपणाचा माझा सगळा आग्रह तिथे संपतो. टायर नवे टाका, खाच शिल्लक दिसली तरी. उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक होतं. पावसात मागची चाकं काय करतात ते आधी मोकळ्या जागेत पुन्हा शिकून घ्या. तुमच्या आताच्या गाडीने इतकी वर्षं ते काम तुमच्या नकळत केलं आहे.

आणि गुडघ्यांनी, पाठीने साफ नकार दिला तर २०१५ पासूनची चौथी पिढी चालवून बघा. वजन एक टनाच्या आसपासच ठेवलं आहे, गिअरचा दांडा तसाच छोटा आहे. स्टिअरिंग विजेचं आहे आणि पहिल्या पिढीइतकं बोलत नाही, पण बाकीचं कुळ ओळखू येतं.

राहिली नकाशाची आठवण. ती गाडी घेऊन परत येणार नाही, हे तुमच्या पत्नींना तुमच्या आधी कळलं आहे, असं मला वाटतं. त्यांनी ते टोमण्यात सांगितलं असेल, पण त्या त्याच गाडीत बसल्या होत्या आणि त्यांच्याकडेही त्या दिवसांची एक बाजू आहे. तुमच्या अख्ख्या पत्रात त्यांना ती गाडी कशी वाटायची याबद्दल एक ओळही नाही. विचारा. कदाचित कान गोठायचे असं म्हणतील, कदाचित त्यांना समुद्राकाठचा तो रस्ता तुमच्याहून जास्त आठवत असेल. कदाचित, आणि हे अगदी शक्य आहे, त्यांना स्टिअरिंग कधी मिळालंच नसेल.

तेव्हा न छेडलेल्या तीनेक गाड्यांची वेळ ठरवा आणि दोघं मिळून जा. घाईने एकच बघू नका. तीन चालवल्या की चांगली कोणती ते हातालाच कळतं. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर चालवा, वळणं पाठ असलेल्या. विकणाऱ्याची परवानगी असेल तर पहिल्या गाडीत आधी त्यांना बसू द्या चालकाच्या जागी, तुम्ही शेजारी. घ्यायची की नाही ते त्यानंतर दोघांनी ठरवा. ठरलं की कळवा, पुलीचं आणि पत्र्याचं काय दिसलं तेही लिहा, म्हणजे पुढचं मला सांगता येईल.